कलारसग्रहण : महाविद्यालयीन प्राथमिक अभ्यासक्रम

कलारसग्रहण : चित्र, शिल्प, वास्तू, मुद्राचित्र (ठशावरून छापलेले चित्र), छायाचित्र अशा दृश्यकलाकृती नीट कशा पाहाव्यात आणि पाहिलेले शब्दांत कसे मांडावे, हे शिकवणारा अभ्यासक्रम. तो मुख्यतः कलाशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असतो आणि चित्र काढता यावे अशी अट नसते. अमेरिकी महाविद्यालयांत तो सर्वसाधारण शिक्षणाचा भाग म्हणून घेतला जातो. तेथे साधारणपणे ३ श्रेयांक (क्रेडिट), १५ आठवड्यांचे सत्र आणि आठवड्याला ३ तास वर्ग असे त्याचे स्वरूप असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांतही अशा विषयांना ‘ओपन इलेक्टिव्ह’मध्ये जागा झाली आहे, तेथे तात्त्विक विषयाचा एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास.

कलेचा इतिहास हा वेगळा विषय आहे. तो कालक्रमाने चालतो, तर रसग्रहणात आधी दृश्यभाषा, मग माध्यमे आणि शेवटी इतिहासाची धावती ओळख असते. ‘सोपा पेपर’ म्हणून नाव नोंदवणाऱ्यांची पहिल्या निबंधातच अडचण होते. मराठी मुलांच्या बाबतीत तिचे एक कारण शाळेत सापडते. दहावीच्या परीक्षेत कवितेचे रसग्रहण लिहिताना ‘कवीने सुंदर शब्दांत वर्णन केले आहे’ छापाची वाक्ये हाताला लागलेली असतात आणि तीच चित्रावर चिकटवली जातात. एलिमेंटरी-इंटरमीडिएट दिलेल्यांचा घोटाळा निराळा असतो. ते हुबेहूबपणा मोजतात, त्यामुळे वासुदेव गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रासमोर त्यांच्याकडे मापच उरत नाही.

दृश्यभाषेचे घटक म्हणजे रेषा, आकार, घनाकार, छायाभेद (उजळ-गडद छटा), रंग, पोत आणि अवकाश. त्यांची रचना तोल, लय, प्रमाण, विरोध, प्राबल्य अशा तत्त्वांनी तपासली जाते. ही यादी पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. ती वापरायला सत्र लागते. भारतीय परंपरेतली षडंगेही येथे उपयोगी पडतात. रूपभेद (आकारांतले वेगळेपण), प्रमाण, भाव, लावण्ययोजना (सौंदर्याची मांडणी), सादृश्य (साम्य) आणि वर्णिकाभंग (रंगांचा वापर) ही सहा अंगे कामसूत्रावरील यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत सांगितली आहेत. ‘भाव’ हे पाश्चात्त्य यादीत नसलेले अंग त्यांत आहे, म्हणून लघुचित्रांसाठी ही यादी अधिक कामाची ठरते.

लेखनासाठी अमेरिकी कलाशिक्षक एडमंड बर्क फेल्डमन यांनी मांडलेल्या चार पायऱ्या सर्वत्र वापरल्या जातात : वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णय, मूल्यनिर्णय. क्रम मोडायचा नाही, हीच यातली मेख आहे. वर्णनात फक्त दिसते तेवढेच लिहायचे. ‘दुःखी स्त्री’ हे वर्णन नव्हे. ‘मान डावीकडे झुकलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या’ हे वर्णन. विश्लेषणात घटकांचे एकमेकांशी नाते सांगायचे : नजर आधी कुठे जाते, कोणत्या रेषेने पुढे सरकते, कुठे अडते. अर्थ त्यानंतर, आणि प्रत्येक अर्थामागे वर्णनातला पुरावा हवा. पुरावा नसलेला अर्थ ही निबंधातली सगळ्यात महागात पडणारी चूक. आवडनिवड शेवटच्या पायरीवरही पुरत नाही. कोणत्या निकषावर कलाकृती यशस्वी ठरते, ते सांगावे लागते.

वर्णन फसते ते वेळ न दिल्याने. हार्वर्डच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर तीन तास बसवतात. जॉन सिंगल्टन कॉप्ली यांच्या १७६५ च्या, पाळीव खार घेतलेल्या मुलाच्या चित्रात मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटाकडच्या केसाळ कडेशी जुळतो, हे त्यांना स्वतःला नऊ मिनिटांनी दिसले. साखळी धरलेल्या बोटांमधले अंतर खालच्या पाण्याच्या पेल्याच्या व्यासाएवढे आहे, हे एकविसाव्या मिनिटाला. प्राथमिक वर्गात तीन तास कोणी मागत नाही, पण वही न उघडता वीस मिनिटे पाहणे ही किमान अट मानावी.

पडद्यावरची प्रतिमा आकार लपवते. ‘मोनालिसा’ ७७ × ५३ सेंमी. आहे, तर पिकासोचे ‘गेर्निका’ सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. मोबाइलवर दोन्ही तळहाताएवढी. म्हणून टिपणाच्या पहिल्या ओळीत माप लिहून ते खोलीच्या भिंतीवर डोळ्यांनी मोजून पाहावे.

माध्यम ओळखण्यात ठरावीक चुका होतात. अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले जाते. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावतात आणि चुना वाळताना तो रंग धरून ठेवतो. अजिंठ्यात मातीत तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून केलेल्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर दिला आहे, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग लावले आहेत. दुसरी गफलत राजा रविवर्म्याच्या चित्रांची. घरोघरी असतात ती १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यासारख्या ठिकाणी शिळांवरून रंगागणिक छापलेली ओलिओग्राफ. भिंगातून पाहिले की छपाईचे ठिपके दिसतात. तैलचित्रात कुंचल्याचे फटकारे दिसतात.

संग्रहालयभेटीवरचा तीन ते पाच पानांचा निबंध हा बहुतेक ठिकाणी मुख्य गृहपाठ असतो. मुंबईत त्यासाठी १९२२ मध्ये खुले झालेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोयीचे : लघुचित्रे, शिल्पे आणि युरोपीय तैलचित्रे एकाच छपराखाली मिळतात. दालनांतून एकदा भराभर फिरून एकच कलाकृती निवडावी. आधी संपूर्ण कलाकृती एका नजरेत मावेल इतक्या अंतरावरून, मग हातभर अंतरावरून आणि शेवटी बाजूने, उजेड तिरपा पडेल असे पाहावे. पोत तेव्हाच कळतो. पेनऐवजी पेन्सिल वापरावी. वाकडेतिकडे का होईना, रेखाटन करावे, कारण हात फिरवताना सुटलेले तपशील सापडतात. माहितीपट्टी सर्वांत शेवटी वाचावी. तिचा फोटो मात्र जरूर घ्यावा. नोंदणी क्रमांक आणि माध्यम नंतर आठवत नाही. फ्लॅश बंद ठेवावा.

माहितीपट्टी आधी वाचली की काय होते, याचे उत्तम उदाहरण घारापुरीचे. सहाव्या शतकातल्या, सुमारे वीस फूट उंचीच्या तीन मुखांच्या शिल्पाला ‘त्रिमूर्ती’ म्हणण्याचा प्रघात पडला आणि पुढे पाहणाऱ्यांना त्यात ब्रह्मा-विष्णू-महेश दिसू लागले. अभ्यासक ते सदाशिवाचे रूप मानतात, म्हणजे तिन्ही मुखे शिवाचीच. आपल्या डाव्या हाताचे मुख मिशीचे, उग्र, जवळ सर्प असलेले : अघोर. उजवीकडचे कोवळे, स्त्रीसुलभ, कमळ धरलेले : वामदेव. मधले मिटल्या डोळ्यांचे, शांत : तत्पुरुष. सर्प, कमळ, मिशी या खुणा आधी टिपल्या असत्या, तर नावाने फसवले नसते. येथे निबंधासाठी जायचे तर पहिल्या बोटीने निघावे, गर्दी व्हायच्या आत शिल्पासमोर शांतपणे बसता येते. गेटवेहून बोटीला सुमारे तासभर लागतो आणि सोमवारी लेणी बंद असतात.