हक्काचा वाटा आणि बिनहेव्याचा वाटा: लूट वाटताना होणारी एक गल्लत

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा खेळ. त्यात मोहिमेतली लूट वाटून झाली की टेबलाभोवतीच्या प्रत्येकाच्या मनात दोन प्रश्न येतात. मला माझा वाटा मिळाला का? आणि दुसऱ्याला जे मिळालं ते मला माझ्यापेक्षा बरं वाटतंय का? बहुतेक ग्रुप हे दोन्ही प्रश्न एकच धरून चालतात. डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) हिशोब करून दाखवतो, आकडे बरोबर असतात, तरी कुणीतरी पुढचा तासभर गप्प बसून राहतं. ते माणूस चिडकं असतं म्हणून नव्हे. हिशोबाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं आणि त्याच्या मनात दुसरा प्रश्न असतो.

गणितात या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. पहिलीला आपण हक्काचा वाटा म्हणू. तिघे असतील तर प्रत्येकाला, त्याच्या स्वतःच्या मोजमापाने, एकूण लुटीचा निदान तिसरा हिस्सा मिळाला पाहिजे. दुसरीला बिनहेव्याचा वाटा म्हणू. आपला वाटा देऊन दुसऱ्या कुणाचा घ्यावा असं कुणालाच वाटता कामा नये. पहिल्या कसोटीत माणूस फक्त आपल्या ताटात बघतो, दुसरीत शेजारच्या ताटातही.

गल्लत होते ती नाण्यांमुळे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला. सुरुवातीच्या नियमांत एक गोल्ड मिळवलं की एक एक्सपी (अनुभवाचा गुण) मिळायचा, म्हणजे नाण्यांचा वाटा हाच बढतीचाही वाटा होता. आता तसं नाही, पण नाणी अजून सगळ्यांना सारखीच मोलाची आहेत: एक प्लॅटिनम म्हणजे १० गोल्ड, एक गोल्ड म्हणजे १० सिल्व्हर किंवा १०० कॉपर. पाच जणांत १,२०० गोल्ड वाटले तर प्रत्येकी २४०. हक्कही मिळाला आणि हेव्याचंही कारण उरलं नाही. दर आठवड्याला असंच होत राहिलं की दोन्ही कसोट्या एकच आहेत असं वाटू लागतं. मग एके दिवशी पेटीतून एकच क्लोक ऑफ प्रोटेक्शन, म्हणजे रक्षण करणारा जादूचा झगा, निघतो.

दोघेच असतील तरी फरक दिसत नाही. एकाने दोन वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचं, ही रीत आपल्याकडे भावाभावांतही चालते. वाटे करणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात आणि उचलणाऱ्याने आवडता घेतलेला असतो. दोघांत अर्ध्यापेक्षा कमी मिळालं नाही म्हणजे दुसऱ्याला अर्ध्यापेक्षा जास्त गेलं नाही, त्यामुळे हक्क आणि हेवा एकाच काट्यावर तोलले जातात. तिसरा माणूस बसला की दोन्ही सुटे होतात.

इंदूरला रामबागेत शनिवारी रात्री जमणाऱ्या आमच्या टेबलावर हे क्लोकवरून घडलं. वाटेकरी तिघे: रेंजर (रानात वावरणारा योद्धा), फायटर (लढवय्या) आणि विझर्ड (जादूगार). पोह्यांच्या प्लेटा बाजूला सारल्या, वहीचं पान फाडून तीन चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येकाने क्लोक आपल्याला किती गोल्डचा वाटतो ते लिहून चिठ्ठी उलटी ठेवली. क्लोकने एसी (वार चुकवायचा आकडा) आणि सगळे सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायचे फासे) एकाने वाढतात, पण त्यासाठी अट्यूनमेंट, म्हणजे वस्तूशी जादूची जोड, लागते आणि एका कॅरेक्टरला एका वेळी तीनच वस्तूंशी अट्यूनमेंट करता येते. रेंजरच्या दोन जागा आधीच भरलेल्या, म्हणून त्याने ३०० लिहिले. फायटरने ६००. अंगावर कसलंही चिलखत नसलेल्या विझर्डने ९००.

जुनी, नावाजलेली पद्धत अशी. सगळ्यात मोठा आकडा लिहिणाऱ्याला वस्तू मिळते. प्रत्येकाचा हक्क म्हणजे त्याच्याच आकड्याचा तिसरा हिस्सा: विझर्डचा ३००, फायटरचा २००, रेंजरचा १००. विझर्ड ९०० ची वस्तू नेतो आणि त्याचा हक्क ३०० चा, म्हणून तो ६०० गोल्ड टेबलावर ठेवतो. त्यातून फायटर २०० उचलतो, रेंजर १००. उरलेले ३०० तिघांत शंभर-शंभर. शेवटी फायटरकडे ३००, रेंजरकडे २००, आणि विझर्डकडे ५०० मोजून क्लोक.

हक्काच्या कसोटीवर हे वाटप उत्तम आहे. फायटरच्या लेखी क्लोक ६०० चा, त्याला निम्मं मिळालं. रेंजरच्या लेखी तो ३०० चा, त्याला दोन तृतीयांश मिळालं. विझर्डला ९०० पैकी ४०० चा फायदा. तिघांनाही तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त. तरी रेंजर म्हणाला, "यार, क्लोक त्यालाही नाही मिळाला आणि मलाही नाही. मग त्याला तीनशे आणि मला दोनशे कसे?"

डीएमने पुन्हा हक्काचाच हिशोब मांडला: तुझ्या मते सगळ्या क्लोकची किंमत तीनशे, त्यातले दोनशे तुला मिळाले, आणखी काय पाहिजे? उत्तर बरोबर होतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं. रेंजर आपल्या ताटाबद्दल बोलतच नव्हता.

त्याचं समाधान करायला विझर्डकडून एक गोल्डही जास्त घ्यावा लागत नाही. तेच ५०० दोघांना २५०-२५० द्यायचे. आता फायटरला विझर्डच्या जागी बसावंसं वाटेल का? त्याच्या लेखी तिथे ६०० ची वस्तू ५०० मोजून मिळते, म्हणजे १०० चा फायदा, आणि त्याच्या हातात तर २५० आहेत. रेंजरला तिथे तोटाच दिसतो. विझर्डला ४०० चा फायदा आहे, तो २५० साठी जागा सोडणार नाही. फायटर आणि रेंजर एकमेकांच्या बरोबरीचे. हेवा कुठेच उरत नाही.

हा २५० चा आकडा काढायची रीत पाठ करून ठेवण्यासारखी आहे. सगळ्यात मोठ्या चिठ्ठीचा तिसरा हिस्सा ३००, दुसऱ्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा २००. वस्तू नेणाऱ्याने बाकी प्रत्येकाला या दोन आकड्यांच्या मधली एकच रक्कम द्यायची. तीनशेच्या वर गेलात तर विझर्डलाच इतरांचा हेवा वाटेल, दोनशेच्या खाली गेलात तर फायटरला विझर्डचा. खेळाडू चार असतील तर चौथा हिस्सा, पाच असतील तर पाचवा. आम्ही बरोबर मधला आकडा धरतो.

बिनहेव्याच्या वाट्यात हक्काचा वाटा आपोआप येतो. सगळ्या वाट्यांत मला माझाच सरस किंवा निदान बरोबरीचा वाटत असेल, तर तिघांतला तो मोठा वाटा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा लहान असूच शकत नाही. उलट मात्र होत नाही. मला तिसरा हिस्सा मिळाला तरी उरलेले दोन हिस्से इतर दोघांत कमीजास्त गेले असू शकतात, आणि ज्याच्याकडे जास्त गेलं त्याच्याकडे माझी नजर जाणारच.

दुसरी कसोटी किती कठीण आहे ते गणिताच्या इतिहासातही दिसतं. पोलंडचे ह्यूगो स्टाइनहाउस आणि त्यांचे सहकारी स्टेफान बानाख व ब्रॉनिस्लाव्ह क्नास्टर यांनी कितीही माणसांसाठी हक्काच्या वाटपाची रीत १९४० च्या दशकात दिली. वर सांगितलेली चिठ्ठ्यांची पद्धत क्नास्टर यांचीच. कापता येणारी वस्तू तिघांत बिनहेव्याने वाटायची रीत जॉन सेल्फ्रिज आणि जॉन कॉनवे यांना स्वतंत्रपणे सापडली ती १९६० च्या सुमारास. कितीही माणसांसाठीची रीत स्टीव्हन ब्राम्स आणि अ‍ॅलन टेलर यांनी १९९५ मध्ये दिली, पण त्यात किती काप पडतील याला मर्यादा नव्हती. मर्यादा असलेली रीत हारिस अझीझ आणि सायमन मॅकेन्झी यांच्याकडून २०१६ मध्ये आली, आणि तीही प्रत्यक्ष वापरता येणार नाही इतकी लांबलचक.

तीही कापता येणाऱ्या वस्तूंसाठी. अर्धी तलवार कुणाच्या कामाची नाही. इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या देवासला असं चिरणं मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. १७२८ मध्ये बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांच्या वंशजांची तिथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. १८४१ पासून कारभार वेगळे झाले, पण मुलूख एकमेकांत इतका गुंतलेला की देवासच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एकाकडे आणि दुसरी दुसऱ्याकडे, पाणीपुरवठा आणि दिवाबत्तीही निरनिराळी. बरोबरी राखण्यासाठी एकसंध गोष्ट चिरली की ती दोनदा चालवावी लागते. म्हणूनच आमच्या टेबलावर कुणी "वस्तू विकून पैसे वाटू" म्हटलं तर मी विरोध करते. हेवा मिटतो हे खरं, पण पार्टीची, म्हणजे पात्रांच्या टोळीची, ताकद दुकानात जाते.

रोकड नसेल आणि नुसत्या वस्तूच असतील, तर बिनहेव्याचं वाटप मुळात शक्य असेलच असं नाही. एक वस्तू आणि तिची इच्छा असलेले दोघे, एवढ्यानेच ते अशक्य होतं. अशा वेळी पाळीपाळीने उचलणं बरं. वीस बाजूंचा फासा टाकून क्रम ठरवायचा. समजा विझर्ड पहिला, रेंजर दुसरा, फायटर तिसरा. विझर्ड पर्ल ऑफ पॉवर घेतो, रेंजर बूट्स ऑफ एल्व्हनकाइंड, फायटर गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर, कारण त्याची स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) १६ आहे आणि ते घातले की १९ होते. दुसऱ्या फेरीत विझर्ड वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स, रेंजर प्लस वन लाँगबो, आणि फायटरला उरलेलं हीलिंग पोशन.

फायटर हेवा करणारच. त्याच्या प्लेट आर्मरमुळे स्टेल्थवर, म्हणजे दबकत जाण्यावर, डिसअ‍ॅडव्हान्टेज (फाशात तोटा) येतो आणि ते बूट असते तर तो मिटला असता. धनुष्यही त्याला चाललं असतं. पण रेंजरच्या वाट्यातून बूट बाजूला काढले तर उरलेलं नुसतं धनुष्य त्याला गॉन्टलेट्स आणि पोशन देऊन नको असतं. पाळीपाळीने उचललं की हेवा फार तर एका वस्तूपुरता राहतो, ही त्या पद्धतीची सिद्ध झालेली हमी आहे, आणि पहिली पाळी असलेल्याला तर कुणाचाच हेवा वाटत नाही. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा केला तरी एका वस्तूची हमी टिकते, फक्त पहिल्याची ती खास सोय जाते. मला उलटा क्रम जास्त आवडतो, कारण शेवटी बसलेल्याला लागोपाठ दोन वस्तू उचलता येतात.

"ज्याला उपयोग त्याला द्या" ही रीत सगळ्यात लोकप्रिय आहे आणि तिच्याबद्दल मला खरी काळजी वाटते. एका पेटीपुरती ती शहाणपणाची असते. पण डीएमच्या पेट्यांत तलवारी जास्त निघत असतील तर सहा महिन्यांनी फायटर लखलखत असतो आणि बार्डकडे (गाण्यातून जादू करणाऱ्या पात्राकडे) नाणी सोडून काही नसतं. बार्डला हेवा वाटत नाही, त्याला तलवार नकोच आहे. त्याचा हक्क मात्र बुडालेला असतो, कारण "नाण्यांत सगळे सारखे, वस्तू उपयोगाप्रमाणे" म्हणताना वस्तूंची किंमत कुणी धरलेलीच नसते. अशा ग्रुपने वही ठेवावी. वस्तू नेणाऱ्याच्या नावावर तिची किंमत मांडायची आणि पुढच्या नाण्यांतून ती वळती करायची. विझर्डकडे पाचशे रोख नसतील तर तेही याच वहीत उधार लिहायचे. हक्क मोजायचा तो अख्ख्या कॅम्पेनवर (महिनोन्महिने चालणाऱ्या मोहिमेवर), हेवा मात्र त्याच रात्री विचारायचा, कारण तो साचला की बाहेर काढणं अवघड.

काही गोष्टींना दोन्ही कसोट्या लावू नयेत. बॅग ऑफ होल्डिंग या जादूच्या पिशवीत ५०० पौंड सामान मावतं आणि ते सगळ्यांचं असतं. ती कुणाच्या खांद्यावर आहे याला किंमत नाही. मेलेल्याला जिवंत करायच्या मंत्रांपैकी रिव्हिव्हिफायला ३०० गोल्डचे हिरे लागतात, रेझ डेडला ५०० चा हिरा, आणि दोन्हींत ते खर्ची पडतात. हे पैसे वाटपाच्या आधीच बाजूला काढावेत, किंवा पार्टीलाच एक जादा वाटेकरी मानून तिचा हिस्सा काढावा.

चिठ्ठ्या नेहमी उलट्या ठेवून एकदमच उघडाव्यात. विझर्ड ९०० लिहिणार हे फायटरला आधी कळलं आणि त्याने ८७० लिहिले, तर जुन्या पद्धतीने त्याला ३०० ऐवजी ३६० मिळतात, रेंजरचे २०० चे १७० होतात आणि विझर्डला ५३० मोजावे लागतात. मधल्या आकड्याच्या रीतीतही आकडा फुगवून रक्कम वर ओढता येते. फायटरचा अंदाज चुकला आणि विझर्डने त्याच्यापेक्षा कमी लिहिलं, तर नको असलेला क्लोक महागात फायटरच्या गळ्यात पडतो, एवढाच त्याला धाक.

मधूनच नवा खेळाडू आला तर जुन्या लुटीवर त्याचा हक्क धरू नये. पण वहीत त्याचं खातं शून्यावर न उघडता इतरांच्या सरासरीवर उघडावं. शून्यावर उघडलं की इतरांच्या नावावर वस्तूंची किंमत मांडलेली असते, त्याच्या नावावर नसते, आणि पुढच्या कित्येक पेट्यांतली नाणी त्याच्याकडेच वळतात. पहिल्याच रात्रीपासून त्याची चिठ्ठी मात्र इतरांइतकीच मोजायची आणि फासाही त्याने टाकायचा.