पार्श्वभूमी : २००४च्या आधीच्या लाटा

२६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. नागपुरात थंडी पडली होती आणि दुपारपर्यंत घरोघरी टीव्हीसमोर एकच विचारणा सुरू झाली होती, हे त्सुनामी म्हणजे काय? समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. पुढचे कित्येक दिवस कानांवर पडत राहिलं, की हिंदी महासागरात असं कधी घडलंच नव्हतं. घडलं होतं. त्याच्या खुणा वाळूत होत्या आणि तिथे कोणी फारसं पाहिलं नव्हतं.

कागदावर जे होतं ते दिलासा देणारंच होतं. ३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळ मोठा भूकंप झाला. त्याची लाट मद्रासपर्यंत गेली आणि बंगालच्या उपसागराभोवतीच्या भरतीमापक यंत्रांनी ती टिपून ठेवली. ज्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आज आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे, त्याच संस्थेतल्या आर. डी. ओल्डहॅम या तरुण अधिकाऱ्याने १८८४ मध्ये या भूकंपावर टिपण लिहिलं. (याच ओल्डहॅमने १९०६ मध्ये भूकंपलहरींच्या अभ्यासातून पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं.) पण ती लाट जेमतेम मीटरभर उंचीची होती. २६ जून १९४१च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलची पडझड झाली, तरी आठवण राहिली ती हादऱ्यांची. अंदमान हादरतं, पाण्याचं मात्र फारसं भय नाही, अशी समजूत त्यातून रुजली. सव्वाशे वर्षांच्या वहीवरून हजारो वर्षांचा हिशेब मांडला गेला आणि माझ्या मते मोठी चूक इथेच झाली.

हिशेब तसा अवघड नाही. भारतीय भूपट्ट या बेटांच्या साखळीखाली वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो. वरची कडा अडकून राहते आणि ताण साचत जातो. २००४ मध्ये सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटरचा सांधा उसवला आणि काही ठिकाणी खडक १५ मीटरांहून जास्त सरकले. सेंटिमीटरांनी एवढं साचायला शतकं लागतात. इंग्रजांच्या दप्तरात ते सापडणार कसं?

ते सापडलं थायलंडच्या फ्रा थाँग बेटावर. तिथल्या सखल दलदलीत खड्डे खणले तेव्हा २००४च्या वाळूखाली काळी माती लागली आणि तिच्याखाली पुन्हा तशाच फिकट वाळूचा थर. माती दलदलीत हळूहळू साचलेली, वाळू समुद्राने एका दमात आणून टाकलेली. त्या आधीच्या थराचं वय निघालं ५५० ते ७०० वर्षं. त्याच्याही खाली आणखी जुने थर होते. हे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. सुमात्राच्या आचे किनाऱ्यावरही साधारण त्याच काळातली वाळू मिळाली.

नागपूरकरांना ही पद्धत परकी वाटू नये. स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या टाकळीत लाव्हाच्या दोन थरांमधला गाळ तपासला आणि त्यातल्या गोड्या पाण्याच्या शंखांवरून तिथे कधीकाळी तळी होती हे ओळखलं. थरांची उतरंड वाचायची, एवढंच.

बेटांवर आणखी एक साक्षीदार असतो, प्रवाळ. ओहोटीच्या पातळीवर त्याची वाढ थांबते. बेट उचललं गेलं की उघडा पडलेला माथा मरतो, खचलं की तो पुन्हा वर वाढू लागतो. २००४ मध्ये उत्तर अंदमानचे प्रवाळ उघडे पडले, तर ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकावरच्या इंदिरा पॉइंटचा किनारा चार मीटरांहून अधिक खचून दीपगृहाच्या पायथ्याशी पाणी आलं. सुमात्राच्या मेंतावाई बेटांवरच्या अशाच प्रवाळांनी १७९७ आणि १८३३च्या महाभूकंपांची साक्ष दिली. तिथला ताण अजून पूर्ण मोकळा झालेला नाही. २००७ आणि २०१०चे धक्के त्याचा काहीच भाग घेऊन गेले, म्हणून संशोधकांची नजर तिथे खिळलेली आहे.

हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून चालू आहे आणि चेन्नईसारख्या शहराला त्यामुळे तास-दोन तास मिळू शकतात. निकोबारकरांकडे मोजकी मिनिटंच असतात. सुमात्राजवळच्या सिमेलुए बेटावर १९०७च्या लाटेची कहाणी 'स्मोंग' या शब्दासह आजी-आजोबा नातवंडांना सांगत आले होते. जमीन जोरात हलली, समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा. २००४ मध्ये तिथल्या सुमारे ७८ हजारांपैकी सात माणसं गेली.