स्पॅनिशमधली पायताणं: हे शब्द आले कुठून?

स्पॅनिश शिकायला लागलं की कपड्यांच्या धड्यात पायताणंही येतात, सापातो म्हणजे बूट, बोता म्हणजे उंच बूट, सान्दालिया तर ऐकूनच कळतं, आणि यादी पाठ झाली की सगळे पुढच्या धड्याकडे वळतात. मला मात्र या यादीतच स्पेनचा अख्खा इतिहास दिसतो.

ग्रानादा प्रांतात आल्बुन्योलजवळच्या एका गुहेत १८५७ मध्ये खाणवाल्यांना एस्पार्तो नावाच्या चिवट गवताच्या विणलेल्या चपला सापडल्या, २०२३ च्या अभ्यासात त्या सुमारे ६,००० वर्षं जुन्या ठरल्या, म्हणजे तिथे स्पॅनिश तर सोडाच, लॅटिनही पोचायच्या कितीतरी आधीच्या! दोरीचा सोल आणि वर कापड असलेलं तसंच पायताण तिथे आजही घालतात, आल्पारगाता म्हणतात त्याला. या शब्दाचा प्रवास तर भारीच आहे. मूळ शब्द आबार्का, म्हणजे कातडी पट्ट्यांनी पायाला बांधायची साधी वहाण, तोही रोमन लोकांच्या आधीचा, आणि दहाव्या शतकात उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोना राज्याचा राजा दुसरा सांचो याला लोक आबार्का म्हणूनच ओळखायचे. ७११ मध्ये अरब आले, त्यांच्या तोंडी याच घराण्यातल्या शब्दाला अरबीतलं 'अल' (इंग्रजीतल्या 'the' सारखं) चिकटलं आणि तो आल्पारगाता होऊन स्पॅनिशमध्ये परत आला.

सापातो कुठून आला यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण त्याचा पोर्तुगीज भाऊ सापातु आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत सपाता झाला, जुन्या लोकांच्या बोलण्यात हा शब्द हमखास असायचा.

पुढे स्पॅनिश लोक अमेरिकेत गेले, तिथल्या लोकांच्या पायात आधीच स्वतःच्या वहाणा होत्या, मग त्यांची नावंही भाषेत शिरली. मेक्सिकोतली उआराचे ही चामडी पट्ट्यांची वहाण पुरेपेचा भाषेतून आली, अँडीजमधली ओखोता केचुआतून, आणि अर्जेंटिनात तर साध्या रबरी स्लिपरलाही आता ओखोताच म्हणतात.

त्यामुळे शिकताना कुठल्या देशातलं स्पॅनिश ते आधी ठरवावंच लागतं. स्पोर्ट्स शूजचंच बघा, स्पेनमध्ये सापातिया, मेक्सिकोत तेनिस, आणि उरुग्वेत चाम्प्योनेस, ते तर चॅम्पियन या ब्रँडच्या नावावरून पडलंय.