टोयोटा स्पोर्ट्स ८०० (योताहाची)

टोयोटा स्पोर्ट्स ८०० ही जपानमध्ये १९६५ ते १९६९ या काळात बनलेली दोन सीटची चिमुकली स्पोर्ट्स कार. जपानी शौकीन हिला लाडाने 'योताहाची' म्हणतात, हाची म्हणजे आठ, ८०० मधला. जेमतेम तीन हजारांच्या वर गाड्या निघाल्या.

खालचा सगळा संसार पब्लिका नावाच्या साध्या, स्वस्त फॅमिली कारचा. तिचंच दोन सिलिंडरचं एअर-कूल्ड इंजिन वाढवून ७९० सीसी केलं, दोन कार्बोरेटर लावले आणि ताकद मिळाली फक्त ४५ हॉर्सपॉवर. त्याच वेळची होंडा एस ६०० सहाशे सीसीतच ५७ काढत होती, म्हणजे कागदावर ही हरल्यातच जमा. पण हिचं वजन ५८० किलो! आपली मारुती ८०० साधारण तेवढ्याच सीसीची, ती पण हिच्यापेक्षा जड.

यामागे डोकं तात्सुओ हासेगावा यांचं, जे युद्धकाळात ताचिकावा कंपनीत लढाऊ विमानं डिझाइन करायचे (पहिली कोरोला पण नंतर त्यांनीच केली). विमानवाला माणूस, त्यामुळे ताकद वाढवण्याआधी वजन कुठे कमी होतंय आणि हवा कुठे अडतेय हेच बघणार. १९६२ च्या टोकियो मोटर शोमध्ये जो नमुना ठेवला त्याला तर दारंच नव्हती, काचेसकट अख्खं छप्पर विमानाच्या कॉकपिटसारखं मागे सरकवायचं आणि आत उतरायचं. विकायच्या गाडीत ते कसं चालणार, तिथे दारं आली, पण छपराचा मधला तुकडा ॲल्युमिनियमचा ठेवला, तो हाताने काढायचा, डिकीत टाकायचा, मागची पट्टी आणि काच जागच्या जागी. पोर्शने असंच छप्पर 'टार्गा' म्हणून जगाला दाखवलं ते १९६५ च्या सप्टेंबरमध्ये, ही त्याच वर्षी एप्रिलमध्येच बाजारात होती, नाव मात्र पोर्शचं झालं.

इंजिनचे दोन्ही सिलिंडर आडवे, समोरासमोर, म्हणून बॉनेट एवढं खाली बसवता आलं. नाकापासून शेपटीपर्यंत कुठे कोपरा म्हणून नाही, गोटा नदीत घासून घासून गुळगुळीत होतो तशी. हेडलाइटसुद्धा बॉडीच्या गोलाईत बसवलेत. गाडीची उंची ११७५ मिलिमीटर, म्हणजे शेजारी उभं राहिलं तर छप्पर छातीच्या आसपास. या आकारामुळेच ४५ हॉर्सपॉवरवर ती ताशी १५५ किमी गाठायची.

जुलै १९६५ मध्ये फुनाबाशीच्या पावसातल्या शर्यतीत तोजिरो उकिया या तरुण ड्रायव्हरची योताहाची एका एस ६०० ला धडकली, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी दुरुस्ती आणि पेट्रोलसाठी थांबायची जागा) जाऊन परत आली तेव्हा सोळावी, आणि तिथून एकेकाला मागे टाकत त्याने शर्यत जिंकली. पुढच्याच महिन्यात सुझुकाच्या ट्रॅकवर सराव करताना झालेल्या अपघातात तो गेला.

१९६६ ची सुझुकाची ५०० किलोमीटरची शर्यत तर गंमतच होती. बाकीच्या दमदार गाड्या पेट्रोल भरायला पिटमध्ये थांबत होत्या आणि या दोन सिलिंडरवाल्या न थांबता पुढे जात होत्या, शेवटी पहिला आणि दुसरा दोन्ही नंबर यांचेच.