स्क्रिप्ट की प्रोग्रॅम? कर्नलला विचारा

इंजिनिअरिंगच्या व्हायव्हात हमखास येणारा प्रश्न: स्क्रिप्टिंग आणि प्रोग्रॅमिंगमध्ये फरक काय? उत्तरही ठरलेलं: प्रोग्रॅम कंपाइल होतो, म्हणजे चालवण्याआधीच मशीनच्या भाषेत बदलला जातो; स्क्रिप्ट ओळीओळीने इंटरप्रिट होते, म्हणजे इंटरप्रिटर नावाचा दुसरा प्रोग्रॅम ती वाचत वाचत चालवतो. मार्क मिळतात, पण उत्तर टिकत नाही. पायथनची फाइल चालवली की आधी ती बाइटकोड या मधल्या रूपात कंपाइल होते. ब्रेंडन आइकने 1995 मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत उभी केलेली जावास्क्रिप्ट आज क्रोममध्ये चालता चालता मशीन कोड होते.

लिनक्स हा फरक कसा करतो, ते बघण्यासारखं आहे. तुम्ही फाइल चालवायला सांगितली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिचं एक्स्टेन्शन बघतच नाही. तो सुरुवातीचे 256 बाइट वाचतो. पहिला बाइट हेक्साडेसिमल 7एफ आणि पुढे 'ईएलएफ' ही अक्षरं दिसली, की ही कंपाइल केलेली फाइल. तिचे भाग मेमरीत चढवून काम सुरू. त्याऐवजी हॅश आणि उद्गारचिन्ह (#!) दिसलं, तर कर्नल उरलेली ओळ वाचतो. तिथे इंटरप्रिटरचा पत्ता असतो. कर्नल तो इंटरप्रिटर सुरू करतो आणि तुमच्या फाइलचं नाव त्याच्या हाती देतो. इंटरप्रिटर फाइल पहिल्यापासून वाचू लागतो, त्याला तीच ओळ भेटते, आणि हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे कॉमेंट (माणसांसाठीची टीप) म्हणून तो ती सोडून देतो. कर्नलला हुकूम, इंटरप्रिटरला कॉमेंट! बेल लॅब्जच्या डेनिस रिचींनी 1980 मध्ये ही सोय युनिक्सच्या कर्नलमध्ये घातली. त्याआधी हे काम शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, सांभाळायचा.

यातला एक खोडसाळ बग: विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये ओळ संपताना कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी दोन चिन्हं असतात. कर्नल लाइन फीडपर्यंत वाचतो, त्यामुळे न दिसणारा कॅरेज रिटर्न इंटरप्रिटरच्या नावाला चिकटतो. मग फाइल समोर असूनही 'सापडत नाही' अशी तक्रार येते, आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो.

म्हणजे कर्नलपुरता फरक फाइलच्या सुरुवातीच्या काही बाइट्सचा. भाषेच्या लायकीचा इथे संबंध नाही. 'स्क्रिप्टिंग सोडा, खरं प्रोग्रॅमिंग शिका' अशी क्लासवाल्यांची जाहिरात दिसली तर फी भरण्याआधी एवढं आठवा.

फरक उरतो तो वापराचा. टीसीएल भाषेचे जनक जॉन ओस्टरहाउट यांनी 1998 मध्ये मांडलं, की काही भाषा सुटे भाग घडवण्यासाठी असतात, स्क्रिप्टिंगच्या भाषा तयार भाग जोडण्यासाठी. नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी याचं ठळक उदाहरण. दोन मोठ्या अ‍ॅरेंचा (आकड्यांच्या रांगांचा) गुणाकार पायथनच्या एका ओळीत लिहिता येतो, पण एकेक आकडा गुणणारं लूप आतल्या सी कोडमध्ये फिरतं. तेच लूप पायथनमध्ये लिहिलंत, तर वाट बघत बसावं लागतं.