कॅमेऱ्यासमोरचं प्रामाणिक चाक

रूलेट म्हणजे फिरत्या चाकात सोडलेली गोळी कोणत्या आकड्यावर थांबेल, यावर पैज लावायचा खेळ. तो संगणकावर खेळणाऱ्याच्या मनात एक पाल चुकचुकतेच. चाक खरंच फिरतंय, की आतला प्रोग्राम हवा तो आकडा काढून दाखवतोय? लाइव्ह डीलर कॅसिनोचा सगळा थाट या पालीला गप्प करण्यासाठी आहे. स्टुडिओत खरं टेबल, खरं चाक, पत्ते वाटणारा, चाक फिरवणारा हाडामांसाचा डीलर आणि हे सगळं थेट तुमच्या फोनवर. मला वाटतं, संशय घेणारे भलतीकडेच बघत होते. चाक प्रामाणिक असायला मालकाची काडीचीही हरकत नसते. का, ते पुढे येईलच.

आधी यंत्रणा. डीलरने काढलेला पत्ता तुम्हाला दिसतो, पण पैशांचा हिशेब करणाऱ्या संगणकाचं नुसत्या चित्राने भागत नाही. ‘बदामची सत्ती’ हे त्याला नेमकं कळावं लागतं. म्हणून अनेक टेबलांवर पत्त्यांवर बारकोड असतो. डीलर पत्ता वाचकयंत्रावरून सरकवतो आणि नोंद होते. काही ठिकाणी कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रातून सॉफ्टवेअरच पत्ता ओळखतं. रूलेटमध्ये गोळी कोणत्या खणात विसावली, हे सेन्सर किंवा कॅमेरा टिपतो. टेबलाला जोडलेला एक छोटा डबा या नोंदी चित्राशी जुळवून पुढे धाडतो.

खरी कसरत वेळेची. साधं थेट प्रक्षेपण तुकड्यातुकड्याने साठवत येतं, त्यात काही सेकंद सहज जातात. सामना बघताना शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो, तो त्यामुळेच. पैज लावायला मोजके सेकंद असताना असा उशीर परवडत नाही. म्हणून इथे साठवण कमीत कमी ठेवणारी पद्धत वापरतात. तरीही तुम्हाला दिसतं ते किंचित शिळंच असतं आणि पैजा बंद करणारं घड्याळ स्टुडिओकडचं असतं.

या घड्याळाला एक जुना इतिहास आहे. प्रत्यक्षातल्या कॅसिनोत गोळी सुटल्यानंतरही थोडा वेळ पैजा घेतात. चाकाचा आणि गोळीचा वेग त्या वेळात मोजता आला, तर गोळी साधारण कुठे पडेल याचा अंदाज बांधता येतो. शेवटी ती भौतिकशास्त्राचेच नियम पाळते. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प आणि माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९६१ मध्ये सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक बनवून लास वेगासला नेला. बुटातली बटणं अंगठ्याने दाबून वेग मोजायचा आणि उत्तर कानात सुरांतून ऐकायचं! कानात जाणारी बारीक तार सारखी तुटायची, एवढीच अडचण. ऑनलाइन टेबलावर शिळं चित्र आणि वेळेवर मिटणारं दार, दोन्ही मिळून अशा युक्त्यांची वाट अरुंद करतात.

आता प्रामाणिकपणाचा हिशेब. युरोपीय रूलेटच्या चाकावर ३७ खण असतात: १८ लाल, १८ काळे आणि एक हिरवं शून्य. एका आकड्यावर पैज लावून जिंकलात, तर लावलेल्या रकमेच्या ३५ पट नफा मिळतो. न्यायाने ३६ पट मिळायला हवा. लाल-काळ्यावर लावलेल्या रकमेइतकाच नफा मिळतो, पण शून्य दोघांचंही नसतं. कसंही खेळा, सरासरीने दर पैजेचे २.७ टक्के मालकाकडे जातात. अमेरिकी चाकावर दोन शून्यं असतात, तिथे हा वाटा ५.२६ टक्के होतो. लबाडीची गरजच काय?

२.७ टक्के म्हणजे किरकोळ, असं वाटतं ना? सतत लालवर सारखीच रक्कम लावणारा १०० फेऱ्यांनंतर फायद्यात असण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते, म्हणजे असे जिंकलेले लोक सर्रास भेटतात आणि बोलतातही. १,००० फेऱ्यांनंतर ती १९ टक्क्यांवर येते. १०,००० फेऱ्यांनंतर हजारात तीनजण, बस. नशिबाचे चढउतार फेऱ्यांच्या वर्गमुळाने वाढतात, तोटा मात्र फेऱ्यांच्या प्रमाणात सरळ वाढत जातो.

पडद्यावर गेल्या फेऱ्यांचा फलकही असतो, ‘गरम’ आणि ‘थंड’ आकड्यांसह. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं, आणि उपयोग शून्य. ३७ फेऱ्यांत सरासरी १३ आकडे एकदाही येत नाहीत. यात चाकाचा काही दोष नाही, विखुरणं असंच असतं. पण आपल्याला रिकाम्या जागा बघवत नाहीत. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोनॅकोतल्या माँटे कार्लोच्या कॅसिनोत काळा सलग २६ वेळा आला आणि ‘आता तरी लाल येणारच’ म्हणत लोकांनी लाखो फ्रँक घालवले. चाकाला स्मरणशक्ती नसते. सव्विसाव्या फेरीतही काळ्याची शक्यता ३७ पैकी १८ एवढीच होती.

हरल्यावर पैज दुप्पट करत जायची, हा तर सर्वांत लाडका उपाय. लागोपाठ १० वेळा हरण्याची शक्यता ७८४ मध्ये एक. पण तसं झालं, तर एका रुपयापासून सुरुवात करणाऱ्याचे एका रुपयाच्या फायद्यासाठी १,०२३ रुपये गेलेले असतात, आणि टेबलावरची कमाल मर्यादा कदाचित त्याआधीच आडवी येते.

खऱ्या टेबलाभोवती मोजकीच माणसं मावतात. कॅमेऱ्यासमोरच्या चाकाला अशी मर्यादा नाही. एकाच फेरीवर शेकडोजण पैजा लावू शकतात. कुणी लालवर, कुणी काळ्यावर, त्यांची बरीच जीत-हार एकमेकांतच मिटते आणि शून्याचा वाटा खाली उरतो. तुम्ही शंभराव्या फेरीत ‘आज आपलं नशीब आहे’ म्हणत असता, तेव्हा त्याच चाकावर मालकाने कित्येक हजार पैजा घेऊन झालेल्या असतात.