कार्बन डाय-ऑक्साइड विसरक : रचना व निगा

वनस्पतिप्रधान मत्स्यालयाच्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड वायू बारीक बुडबुड्यांच्या रूपाने सोडणारे उपकरण. छंदिष्टांच्या बोलीत ‘डिफ्यूझर’ हाच शब्द रूढ आहे. काटेकोरपणे पाहता हे उपकरण स्वतः विसरण (वायूचे पाण्यात पसरून मिसळणे) घडवीत नाही. ते फक्त वायू सच्छिद्र चकतीतून फोडून बारीक करते, आणि विसरण पुढे प्रत्येक बुडबुड्याच्या पृष्ठभागावर होते. हा भेद केवळ शाब्दिक नाही. चकतीची रंध्रे बुजली तरी वायू टाकीत येत राहतो, बुडबुडे मोजण्याच्या नळीतील गतीही पूर्वीचीच दिसते. मात्र चकतीतून निघणारे बुडबुडे मोठे होतात आणि न विरघळताच वर येऊन फुटतात. निगेचा सारा प्रश्न या एका बदलाभोवती फिरतो.

हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण लिटरमागे सु. ०.५ मिग्रॅ. असते. वनस्पतिप्रधान टाकीत ते साधारणपणे १५ ते ३० मिग्रॅ. ठेवतात. हवेच्या तुलनेत पाण्यात हा वायू सु. १०,००० पट मंद गतीने पसरतो, त्यामुळे पानाभोवतीच्या स्थिर थरातच त्याचा तुटवडा पडतो. व्हॅलिस्नेरियासारख्या काही वनस्पती बायकार्बोनेटातून कार्बन मिळवू शकतात. पाण्यात वाढणाऱ्या मॉसेसना ते साधत नाही.

इतिहास : रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मासे व पाणवनस्पती यांच्या परस्पर समतोलाविषयी निरीक्षणे मांडली. तेव्हापासून माशांच्या श्वसनातून सुटणारा कार्बन डाय-ऑक्साइड वनस्पतींना पुरतो, असा समज दीर्घकाळ टिकून राहिला. बाहेरून वायू पुरवण्याची सुरुवात कोणी केली, याबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार जर्मनीतील छंदिष्ट व तेथील उपकरणनिर्माते यांनी साधारणपणे १९७० च्या दशकात ही पद्धत व्यवहारात आणली. दुसरे मत ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या जपानी छायाचित्रकार व मत्स्यालयकाराकडे श्रेय देते. त्यांनी प्रथम सोडा वॉटर टाकीत ओतून पाहिले, असे सांगितले जाते. त्यांच्या कंपनीची स्थापना १९८२ मधली आहे. दोन्ही प्रवाह एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुरू झाले असणे अशक्य नाही. तरीही वायुपुरवठ्याची पद्धत जर्मन आणि काचेच्या नाजूक पेल्यात बसवलेल्या सच्छिद्र चकतीचे आजचे रूप जपानी, अशी विभागणी अधिक सयुक्तिक वाटते.

चकती मात्र दोघांच्याही आधीची आहे. काचेचे कण तापवून एकमेकांना चिकटवलेली सच्छिद्र चकती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत वायू धुण्याच्या बाटल्यांत आणि गाळण्यांत पूर्वीपासून वापरात होती. रंध्रांच्या मापानुसार तिच्या प्रतीही ठरलेल्या आहेत (उदा., पी १६ म्हणजे १० ते १६ मायक्रॉन). मत्स्यालयाच्या चकतीवर असे माप सहसा छापलेले नसते. काचेऐवजी मातीकामाची सिरॅमिक चकती वापरण्याचा प्रघातही सर्वत्र आहे. चकती साफ करण्याविषयीचे प्रयोगशाळेतील ज्ञान या छंदात फारसे आले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. तेथे काचेच्या चकतीला तीव्र अल्कलीत फार वेळ ठेवू नये हा जुना नियम आहे, कारण अल्कली काच हळूहळू खाते आणि रंध्रे रुंदावतात.

रंध्र, दाब आणि बुडबुडा : ओल्या रंध्रातून वायू बाहेर पडण्यासाठी पाण्याच्या पृष्ठताणावर मात करावी लागते. लागणारा दाब हा पृष्ठताणाची चौपट भागिले रंध्राचा व्यास इतका असतो. पाण्याचा पृष्ठताण २५° से. ला मीटरमागे सु. ०.०७२ न्यूटन धरला, तर १० मायक्रॉनच्या रंध्राला सु. ०.३ बार आणि २ मायक्रॉनच्या रंध्राला सु. १.४ बार दाब लागतो. ४० सेंमी. खोल पाण्याचा भार यात जेमतेम ०.०४ बारची भर घालतो. म्हणून विसरक किती खोल ठेवला यापेक्षा त्याची रंध्रे किती बारीक आहेत, यावर लागणारा दाब ठरतो. साखर व यीस्ट आंबवून वायू तयार करणाऱ्या घरगुती बाटलीवर बारीक चकती नीट चालत नाही, याचेही कारण हेच.

वायू सर्वांत मोठ्या मोकळ्या रंध्रातून आधी वाट काढतो. चकतीवर थर साचला की बारीक रंध्रे प्रथम बंद पडतात आणि सारा प्रवाह उरलेल्या थोड्या मोठ्या रंध्रांकडे वळतो. तेवढ्याच वायूचे बुडबुडे ०.३ मिमी. ऐवजी ३ मिमी. व्यासाचे झाले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग एक दशांश उरतो. शिवाय मोठा बुडबुडा झपाट्याने वर जातो. ०.१ मिमी. व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सु. अर्धा सेंमी. चढतो, म्हणजे ४० सेंमी. पाण्यात तो मिनिटाहून अधिक काळ राहतो. ३ मिमी. चा बुडबुडा तेच अंतर दोन-तीन सेकंदांत कापतो.

टाकीचे इतर दिवे मालवून बाजूने विजेरीचा झोत टाकला की फरक डोळ्यांना दिसतो. स्वच्छ चकतीच्या संपूर्ण पृष्ठभागावरून धुक्यासारखा पांढुरका पट्टा उठतो आणि प्रवाहाबरोबर वाकतो. मळलेल्या चकतीवर हिरवट-तपकिरी डाग दिसतात, त्यांच्या मधूनच दोन-चार ठिकाणी सुट्या मण्यांच्या माळा वर चढतात. माळ फक्त काठावरून, चकती व काच यांच्या सांध्यातूनच निघत असेल, तर तो मळाचा दोष नाही. सांधा सुटला आहे, आणि कितीही धुतले तरी तो भरून येत नाही.

मळाचे स्वरूप : चकतीवर साचणारा थर चुन्याचा की जैविक, याबद्दल एकवाक्यता नाही. पाणी जड (क्षारयुक्त) असेल तर कॅल्शियम कार्बोनेट साचते, म्हणून व्हिनेगर वापरावे, असे एक पक्ष म्हणतो. परंतु वायू चालू असताना चकतीलगतचे पाणी आम्लधर्मी होते आणि अशा पाण्यात चुना साचण्यापेक्षा विरघळण्याकडे कल असतो. त्यामुळे नित्याचा मळ प्रामुख्याने जिवाणूंचे जैवपटल (चिकट थर) आणि त्यावर वाढणारे शेवाळ यांचा असतो, हे मत अधिक पटणारे आहे. ब्लीचमध्ये टाकलेली चकती काही तासांत पांढरीशुभ्र होते, हाही त्याला पुरावाच. पाण्याच्या रेषेजवळ, काचेच्या मानेवर किंवा नळीच्या तोंडाशी दिसणारे पांढरे कवच मात्र बहुधा चुन्याचेच असते. तेथे व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल योग्य.

स्वच्छता : प्रथम वायू बंद करून नळी सोडवतात. सर्वाधिक विसरक येथेच मोडतात. सिलिकॉनची नळी काचेच्या मानेला घट्ट धरते आणि ओढताच मान तुटते. नळीचे टोक कोमट पाण्यात धरून हलकेच पिळत काढावे. तरीही न निघाल्यास नळी कापावी, कारण नळीचा तुकडा काचेपेक्षा स्वस्त असतो.

घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट सु. ५ ते ६ टक्के) दुप्पट-तिप्पट पाण्यात मिसळून त्यात विसरक पूर्ण बुडवतात. हलका मळ एक-दोन तासांत जातो, जुना मळ जाण्यास रात्रभर लागतो. ब्लीच अल्कधर्मी असल्याने काचेची चकती त्यात दिवसेंदिवस ठेवू नये. चकती घासू नये. ताठ केसांचा ब्रश वरचा थर काढतो, पण बारीक कण रंध्रांत ढकलतो. ब्लीच नको असल्यास ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड चालते, त्याला वेळ अधिक लागतो. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा अन्य आम्ल कधीही एकत्र करू नये : त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. दोन्ही वापरायचे असल्यास मध्ये विसरक भरपूर पाण्याने धुवावा आणि दुसरे द्रावण वेगळ्या दिवशी घ्यावे.

धुतल्यानंतर विसरक सोडियम थायोसल्फेटच्या, म्हणजे क्लोरीन काढणाऱ्या नेहमीच्या औषधाच्या दाट द्रावणात तासभर ठेवतात. रंध्रांच्या आतले ब्लीच वरवरच्या धुण्याने जात नाही. म्हणून तो एका वाडग्यात बुडवून थोडा वेळ वायू सोडावा, पाणी बदलावे आणि ब्लीचचा वास पूर्ण गेल्यावरच टाकीत लावावा. ही पायरी गाळल्याची किंमत मासे आणि कोळंबी मोजतात. पुन्हा लावताना चकती पूर्ण भिजलेली असावी. कोरड्या नव्या चकतीवर बुडबुडे पसरतात आणि एकमेकांत मिसळून मोठे होतात.

स्वच्छतेनंतरची मात्रा हा दुर्लक्षित पण सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मळलेल्या चकतीची भरपाई म्हणून बुडबुड्यांची गती हळूहळू वाढवलेली असते. स्वच्छ चकती त्याच गतीला कितीतरी अधिक वायू विरघळवते. तेव्हा आधी गती कमी करून मगच वायू सुरू करावा. मात्रा पाहण्यासाठी टाकीत टांगलेल्या लहान काचपात्रात ४ जर्मन अंश कार्बोनेट कठिनतेचे (ठरावीक बायकार्बोनेट असलेले) पाणी व ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हे आम्लतेनुसार रंग बदलणारे दर्शक घालतात. हिरवा रंग लिटरमागे सु. ३० मिग्रॅ. दर्शवतो, निळा कमी, पिवळा धोक्याइतका जास्त. रंग तास-दोन तास मागे असतो, त्यामुळे त्या अवधीत माशांवरच लक्ष ठेवावे. मासे पृष्ठभागाशी तोंड लावून कल्ले भरभर हलवू लागले, तर वायू ताबडतोब बंद करून पाण्यात हवा खेळवावी.

कालावधी : प्रकाश व पोषणद्रव्ये यांनुसार दोन ते चार आठवड्यांनी स्वच्छता लागते. विसरक पानांच्या सावलीत ठेवल्यास शेवाळ उशिरा धरते. दोन विसरक आलटून पालटून वापरणे सोयीचे.

आतून येणारा मळ वेगळा. रात्री विद्युत झडप बंद झाली की नळीतील उरलेला वायू विरघळतो आणि टाकीचे पाणी मागे ओढले जाते. एकदिशा झडप विसरकाजवळ असावी. तिचे रबर कालांतराने कडक होते, म्हणून फुंकून ती अधूनमधून तपासावी. यीस्टच्या बाटलीतून फेस वर आला, तर चकती आतल्या बाजूने चिकट होते आणि बाहेरून स्वच्छ दिसूनही वायू सोडत नाही. अशा वेळी ब्लीच पिचकारीने मानेतून आत भरावे लागते. सिलिकॉनच्या भिंतीतून कार्बन डाय-ऑक्साइड झिरपत असल्याने लांब अंतरासाठी पॉलियुरेथेनची नळी घेतात.

लाकडी विसरक कमी दाबावर चालतात आणि अतिशय बारीक बुडबुडे देतात. ते काही आठवड्यांत कुजतात. ते धुण्याचा प्रघात नाही, बदलले जातात.